विषय: मूल आयसीयूत असताना घरच्यांना काय लागतं

कार्यवाह – रविवार सकाळ

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्यातल्या एका कुटुंबाचा मुलगा परवापासून मुलांच्या आयसीयूत आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसतो), जोडीला एपिलेप्सी म्हणजे फिट्सचा आजार आहे आणि खाणं पोटातल्या नळीवाटे चालतं. न्यूमोनिया झाला, झटके थांबेनात, म्हणून व्हेंटिलेटर लावला आहे. आईवडिलांच्या संमतीने एवढं लिहितो आहे. कोणी ओळखलं असलं तरी नाव इथे लिहू नये.

दोघांच्या फोनवर ‘कसा आहे?’ असे निरोप साचले आहेत. ते आपुलकीनेच आलेत, पण प्रत्येकाला उत्तर देताना त्यांना तो सगळा प्रसंग पुन्हा सांगावा लागतो. कृपया थेट फोन करू नका. रोज संध्याकाळी एकदा मीच इथे कळवीन.

या यादीवर मुलांच्या वॉर्डात काम करणारी माणसं आहेत, अशी मुलं घरात असलेली आणखी कुटुंबंही आहेत. त्यांना दोन गोष्टी विचारतो. आत्ता नेमकं काय करावं? आणि बाकीच्या घरांनी आधीपासून काय तयार ठेवावं?

मुलांच्या वॉर्डातली नर्स – रविवार दुपार

दादा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो कागद या कुटुंबाने आजही पलंगाशेजारी बसून लिहिला तरी उपयोगी पडेल.

बोलता न येणारं मूल इमर्जन्सीत येतं तेव्हा समोरच्या डॉक्टरांनी त्याला आधी कधीच पाहिलेलं नसतं. मान सावरत नाही, हातपाय कडक आहेत, नजर ठरत नाही. यातलं रोजचं कोणतं आणि आजचं कोणतं, हे त्यांना कळणार कसं? मग चूक दोन्हीकडून होते. रोजचंच लक्षण गंभीर धरून नको त्या तपासण्या होतात. त्याहून वाईट म्हणजे आज नव्याने आलेली सुस्ती ‘मूळ आजारामुळेच असेल’ म्हणून सोडून दिली जाते. त्यासाठी एक कागद हवा. एकच, ठळक अक्षरात, दवाखान्याच्या पिशवीत वरच ठेवलेला.

त्यावर सगळ्यात आधी वजन लिहा, किलोत, आणि ते कधी केलं ती तारीख. मुलांचा जवळजवळ प्रत्येक डोस वजनावर ठरतो. धावपळीत उभं न राहू शकणाऱ्या मुलाचं वजन घेतलं जात नाही, वयावरून अंदाज बांधला जातो. आपली मुलं वयाच्या मानाने बहुधा किरकोळ असतात, त्यामुळे तो अंदाज जास्त निघतो.

औषधांपुढे नुसतं ‘५ मिली’ लिहून भागत नाही. तेच सिरप वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं, आणि देश बदलला की बाटलीही बदलते, हे आपण परदेशात राहणाऱ्या लोकांनी तर खास ध्यानात ठेवायला हवं. किती मिलिग्रॅम, बाटलीवरची तीव्रता, किती वाजता: तिन्ही लिहा. कुठली गोळी कुटून द्यायची नाही तेही लिहा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

पुढे त्याची नेहमीची अवस्था. जागेपणी आणि झोपेत ऑक्सिजन किती दाखवतो, श्वासाला घरघर असते का, कोणाच्या आवाजाकडे वळतो, नजर देतो का, हसतो का. फोनमध्ये दोन छोटे व्हिडिओ ठेवा, एक चांगल्या दिवसाचा आणि एक नेहमीच्या झटक्याचा. दहा मिनिटं सांगूनही जे पोचत नाही ते ३० सेकंदांत दिसतं.

दुखण्याच्या खुणा वेगळ्या लिहा. आमच्याकडे ‘सुधारित फ्लॅक’ म्हणून मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, या पाचांना ० ते २ गुण, एकूण १०. तिची खुबी अशी की आईवडील आपल्या मुलाच्या खुणा तिच्यात भरू शकतात. एखादं मूल दुखलं की रडत नाही, गप्प होतं. एखादं ओठ चावतं. एखादं हसल्यासारखं तोंड करतं. हे फक्त घरच्यांनाच ठाऊक असतं. कळ येण्याचं कारण सापडत नसेल तर बद्धकोष्ठता, दात, कान, लघवीचा संसर्ग, सरकलेला खुबा आणि नकळत मोडलेलं हाड हे सगळं पाहिलंय का, असं नाव घेऊन विचारा. जी मुलं उभी राहत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ असतात, कपडे बदलतानाही मोडू शकतात.

आता आयसीयूतल्या कुटुंबासाठी एक महत्त्वाची गोष्ट. ‘आज उपाशी ठेवायचंय’ असं कोणी म्हटलं की लगेच विचारा: मग ८ वाजताचं झटक्यांचं औषध कसं देणार? लेव्हेटिरासेटाम, व्हॅल्प्रोएट ही शिरेतून देता येतात. क्लोबाझाम हे झटक्यांचं औषध तसं मिळत नाही आणि अंगाचा कडकपणा कमी करणारं बॅक्लोफेनही शिरेतून देत नाहीत. बॅक्लोफेन अचानक बंद पडलं की अंग जास्त कडक होतं, ताप येतो, झटके वाढतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की नवं इन्फेक्शन झालं. हा प्रश्न आईने किंवा वडिलांनी विचारण्यात संकोच बाळगू नये. आम्हाला त्याची मदतच होते.

कीटोजेनिक आहारावरच्या (झटके कमी व्हावेत म्हणून भरपूर स्निग्ध, अगदी कमी साखर-पिठाचं खाणं) मुलाच्या कागदावर तांबड्या अक्षरात ‘ग्लुकोजची सलाईन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, साखरेची सिरप नकोत’ लिहा. डोक्यात शंट (मेंदूतलं साचलेलं पाणी वाहून नेणारी नळी) असेल तर मूल बरं असतानाच्या स्कॅनची सीडी पिशवीत हवी, कारण आजचा स्कॅन कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेला) असेल तर लॅटेक्सची, म्हणजे रबरी हातमोज्यांसारख्या वस्तूंच्या ॲलर्जीची खबरदारी लिहा.

एक पालक – रविवार रात्र

ताई, कागद लिहायला घेतलाय. दोन प्रश्न. पोटातलं बटण (ज्यातून दूध-औषध थेट जठरात देतो ते) रात्री निघून आलं तर भोक लगेच बुजतं म्हणतात, मग घरी काय करायचं? आणि झटका आला की तोंडात द्यायचं औषध नेमकं कधी द्यायचं?

नर्स – सोमवार सकाळ

बटणाचं आधी. भोक काही तासांतच आकसायला लागतं, म्हणून सकाळची वाट पाहायची नाही. पण आत काही घालण्याआधी एकच प्रश्न: शस्त्रक्रिया होऊन किती दिवस झाले? पहिल्या काही आठवड्यांत जठर पोटाच्या भिंतीला पक्कं चिकटलेलं नसतं. त्या काळात घरी नळी सरकवली तर ती जठराबाहेर, पोटाच्या पोकळीत जाऊ शकते, आणि तिथे दूध गेलं तर जिवावर बेततं. तेव्हा भोकावर स्वच्छ गॉज लावायचं, निघालेलं बटण पिशवीत घ्यायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. ही मुदत किती आठवड्यांची, ते तुमच्या सर्जनकडून कागदावर लिहून घ्या.

भोक जुनं, पक्कं झालेलं असेल आणि तुम्हाला शिकवलेलं असेल तर त्याच मापाचं जादा बटण, नाहीतर एक माप लहान नळी, जेली लावून हलक्या हाताने आत. जोर लावायचा नाही. जात नसेल तर थांबायचं. आत गेली तरी लगेच दूध सोडायचं नाही. सिरिंजने थोडं ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदावर) टाका, ५.५ किंवा कमी आला तर जठरातलं आहे. ओमेप्राझोल हे ॲसिड कमी करणारं औषध चालू असेल तर आकडा जास्त येऊ शकतो. शंका राहिली तर हॉस्पिटलमध्ये तपासून घ्यायचं, अंदाजाने दूध चालू करायचं नाही.

बटण आपोआप निघतं ते बहुतेक वेळा आतला फुगा सैल झाल्याने. फुग्यात डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी भरायचं, किती मिली ते बटणाच्या मापानुसार ठरलेलं असतं. सलाईन भरू नका, मिठाचे कण झडपेत बसतात. हवा भरू नका, ती निसटते. आठवड्यातून एक दिवस ठरवून पाणी ओढून मोजा. दर वेळी कमीच भरत असेल तर फुगा फुटायला आलाय.

नळी तुंबते ती बहुतेक औषधांमुळे. सगळी औषधं एका सिरिंजमध्ये मिसळली की साका धरतो. एक औषध, पाणी, दुसरं औषध, पुन्हा पाणी. तुंबलीच तर कोमट पाणी आणि मोठी, ५० मिलीची सिरिंज. हळू ढकला, हळू ओढा. छोट्या सिरिंजने दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते.

झटक्याचं: सुरू झाला की आधी घड्याळ बघा. त्या वेळी एक मिनिटही पाचासारखं वाटतं, म्हणून आकडा हवाच. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. मोठा झटका ५ मिनिटांत थांबला नाही तर ठरवून दिलेलं औषध द्यायचं. काही मुलांसाठी डॉक्टर याहून लवकरची वेळ लिहून देतात, ती पाळा. ते औषध मिडाझोलाम असेल तर गाल आणि हिरडीच्या मधे, हळूहळू, शक्यतो अर्धं एका गालात आणि अर्धं दुसऱ्या. नंतरच्या ५ मिनिटांत थांबला नाही, श्वास जड वाटला किंवा ओठ निळे पडले तर लगेच ॲम्ब्युलन्स. दुसरा डोस स्वतःच्या मनाने नको, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. आणि हे औषध मुलासोबत शाळेतही हवं. घरच्या कपाटात ठेवलेलं तिथे कामाला येत नाही.

फिजिओथेरपिस्ट सभासद – सोमवार दुपार

थोडक्यात भर घालतो. व्हेंटिलेटरवरचं मूल स्वतः कूस बदलू शकत नाही. डोक्याची मागची बाजू, टाचा, माकडहाड आणि नळ्या-पट्ट्यांखालची कातडी रोज पाहायला सांगा. बोटाने दाबल्यावर लाली जात नसेल तर ती फोडाची सुरुवात आहे. स्प्लिंट (हातपाय सरळ ठेवणारे आधार) घरून न्या, पण अंगावर सूज असेल तर मोजून-पाहूनच घालायला लावा. ज्या उशीने त्याचे गुडघे वेगळे ठेवता तीही न्या. पाय एकमेकांवर चढलेले राहिले की खुबा दुखतो.

खजिनदार – सोमवार रात्र

कार्यवाहांनी ‘आत्ता काय करावं’ विचारलंय, त्याबद्दल.

कृपया कोणीही स्वतःहून ऑनलाइन निधी सुरू करू नये. मुलाचा फोटो, आजाराचं नाव आणि आडनाव एकदा इंटरनेटवर गेलं की तो मोठा झाल्यावरही तिथेच राहतं. दुसरं कारण पैशाचं आहे. अपंगत्वाची किंवा उत्पन्नावर ठरणारी मदत मिळत असेल तर खात्यात अचानक आलेली रक्कम तीत अडचण आणू शकते. आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारायचं, मग ठरवायचं. मंडळ तोवर ठरावीक खर्च थेट भरेल: पार्किंग, हॉस्पिटलजवळची खोली, येण्याजाण्याचं भाडं. पावत्या मी ठेवीन, घरच्यांनी एकही हिशोब लिहायचा नाही.

अशा घराची ओढाताण बिलांपलीकडे असते. एकाची रजा संपते, दुसऱ्याची नोकरी आधीच अर्धवेळ झालेली असते, घरची नर्स मूल ॲडमिट झालं की येत नाही आणि डिस्चार्जनंतर तीच मिळेल याची खात्री नसते. म्हणून या कुटुंबाने आजच दोन पत्रं मागावीत: एक मालकासाठी, ॲडमिट झाल्याच्या तारखेसह, दुसरं आजी-आजोबांच्या व्हिसासाठी, ज्यात मुलाची स्थिती गंभीर आहे आणि घरी मदत लागणार आहे असं डॉक्टरांच्या सहीने लिहिलेलं असेल. ही पत्रं शुक्रवारी संध्याकाळी मागितली तर सोमवारपर्यंत मिळत नाहीत.

हॉस्पिटलात दुभाषाचं काम करणारी सभासद – मंगळवार सकाळ

एक विनंती. आईला इंग्रजी येत असलं तरी डॉक्टरांसोबतच्या मोठ्या बैठकीसाठी हॉस्पिटलचा दुभाषा मागून घ्या, तो त्यांचा हक्क म्हणून मागायचा. आपल्यापैकी कोणी किंवा घरातल्या मोठ्या मुलीने भाषांतर करू नये. जवळचा माणूस वाईट बातमी मऊ करून सांगतो, आणि ‘सुधारणा नाही’चं ‘वेळ लागेल’ होतं. त्यावर आईवडील सही करतात.

बैठकीत तिसऱ्या माणसाने फक्त लिहून घ्यायचं. हे प्रश्न आधी लिहून न्या: आज कालपेक्षा काय बदललं? व्हेंटिलेटरची नळी काढायचा प्रयत्न केव्हा, आणि तो फसला तर पुढे काय? ट्रेकिओस्टोमीचा (श्वासासाठी गळ्याला छिद्र करून नळी बसवण्याचा) विचार आहे का? आणि कोणी ‘पॅलिएटिव्ह टीम’ म्हटलं तर घाबरून नाही म्हणू नका. ती टीम दुखणं, श्वासाची तगमग आणि घरची तयारी यांसाठीही येते, उपचार चालू असतानाही येते. मात्र मुलाला कुठपर्यंत मशीनवर ठेवायचं, असा प्रश्न निघाला तर त्याच बैठकीत उत्तर देण्याचं बंधन नसतं. ‘आम्हाला वेळ हवा, पुन्हा बसू’ एवढं म्हणता येतं.

नर्स – मंगळवार दुपार

ताईंचं म्हणणं सगळ्यांनी वाचा.

डिस्चार्जची तयारी आत्ताच सुरू करायला हवी, कारण घरी आल्यावरचे पहिले दिवस सगळ्यात अवघड जातात. डोस बदललेले असतात आणि कपाटात जुन्या बाटल्या तशाच असतात. थकलेल्या हाताला सवयीची बाटली लागते. मूल घरी यायच्या आदल्या दिवशी कोणीतरी आईसोबत बसून जुन्या बाटल्या बाजूला काढाव्यात. सक्शन मशीन (तोंडा-घशातला कफ ओढून काढणारं) आणि ऑक्सिजन घरी पोचून, चालवून पाहिल्याशिवाय निघायचं नाही. मशीनची बॅटरी किती मिनिटं चालते ते मोजा. नवीन काही शिकवलं असेल तर आईने आणि वडिलांनी, दोघांनीही नर्ससमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावं. एकालाच येत असेल तर तो एक झोपणार कधी?

कार्यवाह – मंगळवार संध्याकाळ

आजची खबर: काल रात्रीपासून झटका नाही. ऑक्सिजनची गरज थोडी कमी झाली आहे. व्हेंटिलेटर चालूच आहे. आईने कागद लिहिला, नर्सने तो पलंगाच्या डोक्याशी चिकटवला आहे.

लहान बहिणीला शाळेतून आणायला एकच माणूस ठरला आहे, रोज तोच. रोज नवा चेहरा दिसला की ती बावरते. तिला ‘दादा फिरायला गेलाय’ असं कोणी सांगू नये; त्याच्या छातीत इन्फेक्शन झालंय आणि मशीन श्वासाला मदत करतंय, हे तिला आईने सांगितलं आहे.

गुरुवारपासून दुपारी १ ते ३ पलंगाशेजारी बसायला कोणीतरी हवं, म्हणजे दोघांना एकदम झोपता येईल. वॉर्ड आईवडिलांनी दिलेल्या दोन नावांनाच आत सोडतो, त्यामुळे जे आठवडाभर नक्की येऊ शकतील त्यांनीच मला लिहा. सर्दी-खोकला असेल, घरात कोणाला असला तरी, या वेळी नाव देऊ नका.