प्रतिसाद: पिशवी आधी शिवावी की आधी छापावी?

ताई, तुम्ही विचारलंत की तयार पिशवीवर स्क्रीनने (जाळीतून) छापलं तर कडेला रंग फुटका का येतो. कारण शिवणच. आतल्या दुमडीमुळे कापड तिथे उंच होतं, स्क्वीजी (जाळीवरून रंग ओढायची रबरी फळी) उडते आणि त्या रेघेला रंग मिळत नाही. म्हणून आधी सपाट कापडावर छापा, मग कापा आणि मग शिवा.

मी इथे इंदूरला एम. टी. क्लॉथ मार्केटमधून मांजरपाट आणते. छापण्याआधी धुऊन त्याची खळ काढायचीच, नाहीतर रंग खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघतो. शिवाय कापड आटायचं ते आधीच आटतं.

एक गोष्ट मला नुकसान सोसून कळली. तळाला शिवण नको म्हणून मी एकाच लांब पट्टीची पिशवी करते. पहिल्या खेपेला दोन्ही कोयऱ्या एकाच दिशेने छापल्या. पट्टी दुमडली, तर मागची कोयरी उलटी! बारा पिशव्या गेल्या. आता खडूने तळाची रेघ आखते आणि पलीकडची छपाई पट्टी फिरवून करते.

तळाचे कोपरे शिवून बूड रुंद करणार असाल तर नक्षी दोन बोटं वर घ्या, नाहीतर ती खाली सरकल्यासारखी दिसते.

पिगमेंट रंग (कापडात न मुरता वर चिकटून बसणारा) असेल तर पूर्ण वाळू द्या, उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवा, मगच मशीनवर घ्या. आणि मे महिन्यात पंख्याखाली छापू नका, रंग जाळीतच वाळतो.