मदत हवी आहे: माहितीपटाला बासरीचा ट्रॅक द्यायचाय, पण 'सर्व हक्क' लिहून मागतायत

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बासरी वाजवतो. माझा जोडीदार संबळ वाजवतो, गोंधळ त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही दोघांनी दोन-तीन मिनिटांचे काही ट्रॅक घरीच रेकॉर्ड केलेत. शब्द नसल्यामुळे आमच्या सीमाभागात हे फार सोयीचं पडतं: तोच ट्रॅक मराठी निवेदनाखाली चालतो आणि कन्नड निवेदनाखालीही.

पुण्याच्या एका माहितीपटवाल्यांनी त्यातला एक मागितलाय. पैसे एकरकमी, रक्कमही बरी आहे. पण मसुद्यात 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांसाठी हस्तांतरित' असं लिहिलंय. त्यांना तो हवाय घाटातल्या पावसाच्या एका प्रसंगाखाली. तेवढ्यासाठी चाल कायमची देऊन टाकणं मनाला पटत नाही. उद्या तीच मी बेळगावात कार्यक्रमात वाजवायची तर कुणाला विचारायचं?

वाचून इतकं कळलं की चालीचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, वेगळा. व्हिडिओला संगीत जोडायला दोन्हींची परवानगी लागते. दोन्ही सध्या आमच्याकडेच आहेत.

मग करारात काय बदलून मागू? आणि जोडीदाराचा वाटा कुठं लिहायचा? तो म्हणतो, "तू बघ की, मला कशाला कागद." पण शेवटी बासरी थांबते आणि नुसता संबळ उरतो, त्या ट्रॅकचा जीव तिथंच आहे. त्याला कागदाबाहेर ठेवून मी सही करणार नाही.

प्रतिसाद (कोल्हापूर, साऊंड एडिटर):
दादा, मसुदा दुरुस्त करून परत पाठवा. 'हस्तांतरण' काढून 'नॉन-एक्सक्लुझिव्ह परवाना' घाला, म्हणजे हक्क तुमच्याकडेच राहतो आणि ट्रॅक इतरांनाही देता येतो, आणि तो त्या एकाच माहितीपटापुरता. मुदत मात्र कायमची द्या. नाहीतर काही वर्षांनी त्यांना फिल्म दाखवताच येणार नाही. इथं उगाच ताणून लोक काम घालवतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरतात. तुमच्या मसुद्यात दोन्ही लिहिलंय, म्हणून त्या तरतुदीवर विसंबू नका.

२०१२च्या दुरुस्तीनंतर, फिल्म चित्रपटगृहाबाहेर कुठं वापरली तर संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा लिहून घेता येत नाही. ती वसूल व्हायला आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्य व्हा आणि क्यू शीटवर, म्हणजे फिल्ममधल्या संगीताच्या यादीवर, ट्रॅकचं नाव, संगीतकार, किती सेकंद वाजला हे भरून घ्या. हे पान भरलं नाही तर रॉयल्टी पोचणार कुणाला?

जोडीदाराचं तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. नुसता वादक धरला तरी कायद्यात त्याला स्वतःचा हक्क आहे, त्याची लेखी संमती घ्याच. आणि ठेका त्यानं रचला असेल तर तो सहसंगीतकार. दोघांची टक्केवारी एका कागदावर लिहून आधी दोघांनी सह्या करा, मग पुण्याचा करार.

फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह द्या. बासरी आणि संबळ वेगवेगळे एक्स्पोर्ट करा. निवेदन आलं की आम्ही बासरी खाली घेतो आणि ठेका चालू ठेवतो. एकत्र मिक्समध्ये ते जमत नाही.

प्रतिसाद:
व्हिडिओंसाठी तयार ट्रॅक विकणाऱ्या ऑनलाइन लायब्ररीचाही विचार असेल तर आधी डिस्ट्रिब्युटरकडं, म्हणजे ट्रॅक ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीकडं, कंटेंट आयडी (यूट्यूबची संगीत आपोआप ओळखणारी यंत्रणा) चालू आहे का बघा. असेल तर ज्यानं पैसे देऊन ट्रॅक घेतला त्याच्याच यूट्यूब व्हिडिओवर कॉपीराइटचा क्लेम येतो. तो ग्राहक परत येत नाही. आणि एक्सक्लुझिव्ह लायब्ररीला दिलेला ट्रॅक मग पुण्याला देता येणार नाही.

मूळ धागाकर्ता:
फार आभार. टक्केवारीचा कागद आधी करतो. एकच राहिलं: शेवटचा ठेका त्यांच्या घरच्या गोंधळातला, जुना आहे. क्यू शीटवर काय लिहायचं?

प्रतिसाद (कोल्हापूर, साऊंड एडिटर):
'पारंपरिक, संयोजन:' आणि पुढं त्याचं नाव. ठेका सगळ्यांचा, पण या ट्रॅकमधली मांडणी त्याची आहे, आणि परवाना तिचाच द्यायचाय.