ओमर: पेंढी, माप की दिवस?

प्रश्न: मराठी बायबलात 'ओमर' हे मान्नाचं (रानात देवाने दिलेल्या अन्नाचं) माप आहे, आणि लेवीय या पुस्तकात त्याच हिब्रू शब्दासाठी 'पेंढी' वापरलंय. मग ज्यू लोक 'ओमर मोजतात' म्हणजे काय मोजतात?

उत्तर: दिवस मोजतात. पेंढी आणि माप (एफा या धान्यमापाचा दहावा हिस्सा) हे दोन्ही अर्थ हिब्रूतलेच; भाषांतरकाराला बोल लावू नका. वल्हांडण सणाच्या दुसऱ्या दिवशी, निसान या ज्यू महिन्याच्या १६ला, जेरुसलेमच्या मंदिरात नव्या जवाचा ओमर अर्पण करत. आदल्या रात्रीच्या कापणीचं मिश्ना या जुन्या ज्यू धर्मनियमसंग्रहातलं वर्णन मुळातून वाचाच. कापणारा विचारी, "सूर्य मावळला?" लोक म्हणत, "हो." "हाच विळा?" "हो." "हीच टोपली?" "हो." "कापू?" "काप." प्रत्येक प्रश्न तीनदा! एवढा गाजावाजा बैथूसी या विरोधी ज्यू पंथाला ऐकू जावा म्हणून. लेवीयातल्या 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी' यातला शब्बाथ म्हणजे सणाचा पहिला दिवस; ते मात्र शनिवार समजून रविवारच धरून बसले होते. पुढे तीन सआ (हेही धान्याचं माप) जव झोडपून, भाजून, दळून, तेरा चाळण्यांतून काढला की ओमरभर पीठ हाती लागे. हे अर्पण होईपर्यंत नवं धान्य खायचं नाही.

त्या दिवसापासून ४९ दिवस मोजायचे. पन्नासावा दिवस शावुओत सणाचा, तेव्हा नव्या गव्हाच्या दोन खमिरी भाकरी. इ.स. ७० मध्ये मंदिर पाडलं गेलं, अर्पण थांबलं, मोजणी तेवढी राहिली. म्हणून आता ओमर म्हणजे हा काळच: 'ओमरात लग्न धरत नाहीत' असं म्हणतात. अपवाद ३३व्या दिवसाचा, 'लाग बाओमर'. यातलं 'लाग' म्हणजे नुसता आकडा: लामेद ३०, गिमेल ३.

आणखी एक: मोजतात रात्री, आधी आशीर्वाद उच्चारून. "आज आठ दिवस, म्हणजे ओमरचा एक आठवडा आणि एक दिवस," असं. त्याआधी कुणी "आज कितवा?" विचारलं तर जाणती माणसं "काल सातवा होता" असं सांगतात. आजचा आकडा उच्चारला तर तीच मोजणी धरली जायची आणि आशीर्वाद राहून जायचा!

प्रश्न: पेंढी 'ओवाळावी' असंही मराठीत आहे. आरतीसारखी?

उत्तर: नाही. पुढे-मागे आणि वर-खाली हलवायची, गोल फिरवायची नाही. तरी मला 'ओवाळणे' आवडतं. 'हलवणे' म्हटलं की देवासमोर केल्याचा भाव जातो. तळटीप मात्र हवी होती.