ग्रँड पियानोच्या चाकांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्याला आमच्या घरी 5.5 फुटी जुना ग्रँड पियानो आहे, वजन 300 किलोच्या आसपास. लेक रोज त्यावर रियाज करते. परवा केर काढताना जरा सरकवायला गेलो, तर मागच्या पायाचं पितळी चाक फिरलंच नाही आणि लादीवर वीतभर पांढरा ओरखडा उठला. जीव हळहळला. वाकून पाहिलं तर आतली लोखंडी पिन गंजून जाम झालेली. इथल्या दमट हवेत आणखी काय होणार!

तिन्ही चाकं एकदमच बदलायची आहेत. सुतार दुहेरी रबरी चाकं घ्या म्हणतो, पण ती जुन्यांपेक्षा पाऊण इंच उंच आहेत. पियानो वर गेला की पेडलही वर जातात, मग टाच जमिनीवर ठेवून मुलीला ती दाबता येणार नाहीत. शिवाय काळ्या रबराचा डाग लादीवर उतरतो. मला पितळीच बरी वाटतात, खाली लाकडी वाट्या ठेवून.

पणजी, मडगाव किंवा म्हापशात जुन्या पिनेच्या मापाची चाकं कुठे मिळतील? आणि एकेक पाय उचलताना जॅकचा टेकू नेमका कुठे द्यायचा? पाय तिरका होऊन मोडेल, याचीच धास्ती आहे.