डीबी/डीबी उंदीर नेमके कुठले घ्यायचे? आयएमएसआरवर यादी फार मोठी येते

शहापूर_एमफार्म
नमस्कार. बेळगावात एम.फार्म.चं काम चालू आहे. मधुमेहात जखम उशिरा भरते, त्यावर एका वनस्पतीच्या अर्काचं मलम तपासायचं आहे. गाईडनी डीबी/डीबी उंदीर सुचवलेत (लेप्टिन रिसेप्टर जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘डीबी’ म्युटेशन असलेले, लठ्ठ आणि मधुमेही). आयएमएसआर या उंदरांच्या स्ट्रेनच्या आंतरराष्ट्रीय यादीत लेप्टिन रिसेप्टरच्या जनुकाचं चिन्ह टाकलं की कुठे ‘बी६’, कुठे ‘बीकेएस’, कुठे नुसतं ‘स्पर्म’ असं बरंच काही येतं. यातलं निवडायचं कसं, आणि इथपर्यंत आणायचं कसं?

धारवाड_ॲनिमलहाऊस
सुरुवात आयएमएसआरपासून नको, एमजीआयपासून करा. एमजीआय हा अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा जनुकांचा डेटाबेस. त्यात जनुकाच्या पानावर म्युटेशन आणि अलील असा विभाग आहे, तिथून ‘डीबी’ हे अलील (जनुकाचं एक रूप) उघडा. याच जनुकाची मुद्दाम घडवलेली, लॉक्स-पी (जनुक ठरावीक जागी कापण्याच्या खुणा) बसवलेली अलील्सही यादीत असतात. ती तुमच्या कामाची नाहीत. डीबी हे आपोआप झालेलं म्युटेशन आहे, १९६६ साली जॅक्सनमध्येच त्याची पहिली नोंद झाली. अलीलच्या पानावर कुठल्या बॅकग्राउंडवर (म्हणजे उंदराच्या कुठल्या मूळ वंशावर) कुठली लक्षणं दिसली याचा तक्ता असतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आयएमएसआरची लिंक त्याच पानावर आहे, तिथून गेलात की फक्त डीबीचे स्ट्रेन समोर येतात.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं बॅकग्राउंड. बी६ वर (सी५७बीएल/६ वंशावर) हेच म्युटेशन असलं तरी उंदीर लठ्ठ होतो, पण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी वाढून साखर बरीचशी सांभाळून घेतात. बीकेएसवर (सी५७बीएलकेएस वंशावर) त्या पेशी टिकत नाहीत आणि साखर चढलेलीच राहते. जखमेच्या कामाला बीकेएसच हवा. जॅक्सनचा स्टॉक नंबर ०००६४२. बी६ वाला ०००६९७, नंबर मागवताना अदलाबदल होऊ देऊ नका.

स्ट्रेनचं नाव असं वाचा: टिंबाच्या आधी बॅकग्राउंड, टिंबानंतर म्युटेशन कुठून आलं ते, शेवटच्या तिरक्या रेघेनंतर कुठल्या प्रयोगशाळेत वाढवला त्याचा कोड. ‘जे’ म्हणजे जॅक्सन.

आणि आयएमएसआर काही विकत नाही. कुठल्या भांडारात काय आहे एवढंच ते दाखवतं: जॅक्सन, अमेरिकेतलं एमएमआरआरसी, युरोपातलं एम्मा, जपानचं रिकेन वगैरे. ‘स्टेट’चा रकाना नक्की बघा. ‘लाइव्ह’ असेल तरच जिवंत उंदीर. ‘स्पर्म’ किंवा ‘एम्ब्रियो’ असेल तर गोठवलेला माल. त्यातून उंदीर जन्माला घालायला वेगळा खर्च आणि काही महिने लागतात. एम.फार्म.च्या मुदतीत ते बसत नाही.

खानापूर_फार्माकॉलॉजी
वरचं सगळं बरोबर. कंट्रोलबद्दल (तुलनेच्या गटाबद्दल) भर घालतो. बीकेएस डीबी/डीबीसमोर कंट्रोल म्हणून साधा सी५७बीएल/६जे ठेवलेले पेपर दिसतात. ते चूक आहे. बीकेएसमध्ये डीबीए/२ या दुसऱ्या वंशाचा बराच अंश आहे, शिवाय ६जे मध्ये ‘एनएनटी’ जनुकाचा तुकडा गळालेला आहे आणि त्याचा इन्सुलिन सुटण्यावर परिणाम होतो. एकाच वेतातली सडपातळ पिल्लं हाच खरा कंट्रोल.

शहापूर_एमफार्म
धन्यवाद सर. जोडी आणून इथेच पैदास केली तर चालेल का? पीसीआरची (जनुक तपासण्याच्या चाचणीची) सोय नाही आमच्याकडे.

धारवाड_ॲनिमलहाऊस
डीबी/डीबीची जोडी लावून काही होणार नाही, ते वांझ असतात. हेटरोझायगोट (डीबीची एकच प्रत असलेले) मागवायचे आणि त्यांच्यात जोड्या लावायच्या. चारांत सरासरी एक डीबी/डीबी निघतो, नर-मादी वेगळे मोजाल तर आठात एक. गटात ८ नर हवे असतील तर ६४ च्या आसपास पिल्लं जन्मायला हवीत, त्या हिशेबाने पिंजरे धरा.

पीसीआर नसलं तरी ०००६४२ मध्ये सोय आहे. यात ‘मिस्टी’ हे करड्या रंगाचं म्युटेशन डीबीच्या समोरच्या गुणसूत्रावर ठेवलेलं आहे. काळा आणि लठ्ठ तो डीबी/डीबी. करडा आणि सडपातळ, त्याच्यात डीबी नाही. काळा आणि सडपातळ तो हेटरोझायगोट, पुढच्या जोड्यांना तोच राखून ठेवा. लठ्ठपणा ३-४ आठवड्यांत डोळ्यांनी कळतो. बी६ वाल्या ०००६९७ मध्ये ही रंगाची खूण नाही, तिथे हेटरोझायगोट ओळखायला पीसीआरवाचून गत्यंतर नाही.

पैदास करायची तर तुमच्या ॲनिमल हाऊसच्या सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती) नोंदणीत ती धरलेली आहे का ते आधी पाहा. फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरताना स्ट्रेनचं पूर्ण नाव आणि स्टॉक नंबर लिहा, नुसतं ‘डायबेटिक माइस’ नको. बाहेरून आयात म्हणजे परवाना, आरोग्य प्रमाणपत्र, क्वारंटाइन असं सगळं मागे लागतं. त्यापेक्षा हैदराबाद, बेंगळुरू, पुणे, नवी मुंबई इथल्या संस्थांकडे चौकशी करा. कुणाकडे कॉलनी असेल तर मूळ स्टॉक नंबर, किती पिढ्या झाल्या आणि अलीकडचा हेल्थ रिपोर्ट लेखी मागा.

खानापूर_फार्माकॉलॉजी
दोन गोष्टी इथल्या हवेच्या. हे उंदीर भरपूर पाणी पितात आणि तेवढंच मुततात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भाताचं तूस मुळातच दमट राहतं, वर हे मूत, म्हणजे अमोनिया साठणार आणि जखमेत संसर्ग होणार. तूस ऑटोक्लेव्ह करून पूर्ण वाळवा आणि एक दिवसाआड बदला. उंदीर आणायचे ते एप्रिल-मे टाळून, एसी गाडीतून. आल्यावर निदान आठवडाभर काही करू नका.

साखर मोजताना बऱ्याच ग्लुकोमीटरवर ६०० च्या वर नुसतं ‘हाय’ येतं आणि बीकेएसमध्ये ते हमखास येतं. तिथे ६०० लिहून मोकळं होऊ नका. सीरम काढून, पातळ करून, किटने मोजा. आणि पेपर लिहाल तेव्हा आयएमएसआरच्या पानावरचा आरआरआयडी (संशोधनात वापरलेल्या साधनाचा ओळख क्रमांक) द्या, ‘जॅक्स’नंतर तोच ०००६४२ असतो.