स्टेनलेस टाकी नकोच
वर विचारलंय की हायड्रोक्लोरिक ॲसिड साठवायला स्टेनलेस स्टीलची टाकी चालेल का. अजिबात नको! स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि या ॲसिडमधलं क्लोराइड नेमकं तोच फोडतं. गंजाला जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसलाही भोकं पडतात. गॅल्वनायझिंगवाले, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवणारे, जस्ताच्या साधारण ४५० अंशांच्या रसात माल बुडवण्याआधी याच ॲसिडने गंज काढतात. त्यांच्या टाक्या रबराचं अस्तर लावलेल्या किंवा एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) असतात. ३०-३३ टक्क्यांच्या ॲसिडचं झाकण उघडलं की पांढरा धूर येतो. त्या वाफेने शेजारच्या रॅकवरचे नट-बोल्टचे पानेसुद्धा गंजून लाल होतात, मग फुफ्फुसांचं काय होत असेल! एक्झॉस्ट हवाच. पातळ करताना आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड. आणि ब्लीचिंग पावडर त्या खोलीत ठेवूच नका; दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.