मदत हवी आहे: टर्बोजेटचं मॉडेल नेमकं ८६ टक्के वेगावरच का अडकतं?

चकवा

नमस्कार मंडळी. एका शाफ्टच्या टर्बोजेटचं (साध्या जेट इंजिनाचं) मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय. सीएफडी (प्रवाहाचं बारीक जाळ्यावरचं गणित) नाही, प्रत्येक भाग म्हणजे एक फंक्शन. डिझाइन पॉइंटला कंप्रेसरचं दाबगुणोत्तर ८, टर्बाइनच्या तोंडाशी १२५० केल्व्हिन, इंजिन जमिनीवर उभं.

शाफ्टचा वेग (डिझाइन वेगाच्या टक्क्यांत) मी देतो. कंप्रेसरच्या मॅपवरची (वेग, प्रवाह, दाबगुणोत्तर यांच्या आलेखावरची) बीटा, म्हणजे वेगाच्या रेषेवरची जागा, टर्बाइनपूर्वीचं तापमान आणि टर्बाइनचं दाबगुणोत्तर हे तीन अज्ञात न्यूटन-राफसन (अंदाज फेरीगणिक सुधारत समीकरणं सोडवणारी पद्धत) शोधतं. अटीही तीनच: कंप्रेसरमधून आलेला प्रवाह (इंधन धरून) टर्बाइनला पचला पाहिजे, तोच नॉझलमधून बाहेर पडला पाहिजे, आणि टर्बाइनची शक्ती कंप्रेसरला पुरली पाहिजे.

१०० पासून ८८ टक्क्यांपर्यंत पाच-सहा इटरेशनमध्ये उत्तर येतं. ८६ ला दोनशे झाली तरी नाही. बीटा सर्ज लाइनकडे (जिच्या पलीकडे कंप्रेसरमधला प्रवाह बिघडतो) जाते, परत येते, पुन्हा जाते. म्हणून कंप्रेसरचा मॅप दोनदा नव्याने डिजिटाइझ केला, काही फरक नाही. आठवडा गेला यात. कुठे चुकतंय?

मंदगती

रेसिड्युअल (अट पुरी व्हायला उरलेला फरक) किती राहतो, आणि तीनपैकी कुठल्या अटीचा? आणि थेट ८० टक्के देऊन बघितलंत का?

चकवा

नॉझलच्या प्रवाहाचा, ०.०१८ च्या आसपास. बाकीचे दोन शून्याला टेकतात. ८० चालवून पाहिलं, चक्क उत्तर आलं!

मंदगती

मग मॅपला सोडा, तो बिचारा निर्दोष आहे. तुमच्या आकड्यांवरून ८६ च्या आसपासच नॉझल चोक व्हायचं (त्यातला प्रवाह कमाल मर्यादेला टेकायचं) थांबतं. चोक असतानाच्या आणि नसतानाच्या सूत्रांत गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) एकच आहे का?

माझा अंदाज, चोकच्या फांदीत हवेचा १.४ राहिलाय आणि दुसरीत तप्त वायूचा १.३३. कमाल प्रवाहाचा गुणांक १.४ ला ०.६८५ येतो, १.३३ ला ०.६७३. फरक साधारण १.८ टक्के, म्हणजे तुमचाच ०.०१८. सीमेवर आल्यावर चोक नसलेलं सूत्र कमी प्रवाह सोडतं, मागचा दाब चढतो, कोड म्हणतो चोक झालं. मग जास्त प्रवाह सुटतो, दाब उतरतो, कोड म्हणतो नाही झालं. तिथे उत्तर अस्तित्वातच नाही, न्यूटन शोधणार काय? बीटा हलते ती नॉझल मागून ढकलतंय म्हणून. सगळे भाग एकमेकांना बांधलेले असले की बोंब एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे, हे नेहमीचंच.

दोन्हीकडे १.३३ ठेवा. चोकची मर्यादाही (ज्या दाबगुणोत्तराला चोक सुरू होतं) त्यातूनच काढा, ती १.८९ नव्हे, १.८५ येईल.

चकवा

अगदी तेच निघालं. आता ८६ ला सहा इटरेशन! जाता जाता: ट्रान्झियंटसाठी (वेग बदलतानाच्या वागण्यासाठी) भागांमध्ये वायू साठवणारी छोटी आकारमानं घातलीत, पण १० मिलिसेकंदाच्या पावलाने ऑयलरला (आताच्या उतारावरून पुढचा क्षण काढणाऱ्या सोप्या पद्धतीला) दाब भलतीकडेच उडतो.

मंदगती

उडणारच. त्या आकारमानांतला दाब मिलिसेकंदभरात जागेवर येतो, शाफ्टला सेकंद लागतात. फक्त वेग वाढण्या-उतरण्याचं चित्र हवं असेल तर आकारमानं काढून टाका, दर पावलाला हाच न्यूटन चालवा. शक्तीची अट तेवढी वगळा. उरलेली शक्ती शाफ्टला फिरवेल, आणि तापमान अज्ञात न ठेवता इंधन तुम्ही द्याल. सर्ज बघायचा असेल तर मात्र आकारमानं लागतातच, तेव्हा इम्प्लिसिट पद्धत (पुढच्या क्षणाचीच समीकरणं सोडवणारी) घ्या.